पालथं बटण

मुलाच्या कोटाचं वरून दुसरं बटण सार्जंटने चिमटीत धरलं, तिरपं केलं आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याची पाठ बघू लागला. मग पुढची बाजू बघितली. मग मुलाकडे बघत अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अभिनंदन. भरती होऊन तास झाला नाही आणि लेफ्टनंट झालास!"

रांगेत हशा पिकला. मी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर थर्मासमधला चहा ओतत बसले होते. कशाला हसताहेत ते कळलं नाही, पण चूक माझी आहे एवढं कळलं. कोट मी शिवला होता आणि बटणंही मीच मागवली होती.

आम्ही राहतो हॅरिसबर्गला. पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी, पण जीव आपल्या सांगलीएवढासुद्धा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात याच गावात कॅम्प कर्टिन नावाची छावणी होती आणि तीन लाखांहून जास्त सैनिक तिथून पुढे गेले. गेटिसबर्ग इथून पाऊण तासावर. १८६३च्या जुलैमध्ये १, २ आणि ३ तारखेला तिथे जी लढाई झाली, ती दर वर्षी लोक त्या काळचे कपडे घालून पुन्हा उभी करतात. रीएनॅक्टमेंट म्हणतात त्याला. इतिहासाच्या शिक्षकांनी हे खूळ मुलाच्या डोक्यात घातलं. सोळा पूर्ण झाल्यावर तो उत्तरेच्या सैन्यातल्या एका पायदळ कंपनीत शिपाई म्हणून दाखल झाला. तयार गणवेशाची किंमत ऐकली आणि मी म्हटलं, मला शिवता येतं की.

आपल्याकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे निघतात. त्यांच्या अंगरख्याला आतून चेन असली तरी कुणी हरकत घेत नाही. इथे घेतात. इतकी घेतात, की कपड्यात काही काळाबाहेरचं दिसलं तर त्यासाठी एक खास शिवीच आहे : 'फार्ब'. आणि फार्ब शोधत फिरणाऱ्यांसाठीही एक चिडवायचं नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'टाके मोजणारा'. आमचा सार्जंट पक्का टाके मोजणारा.

माझी चूक अशी होती. उत्तरेच्या सैन्याच्या पितळी बटणावर गरुड असतो. पंख उभारलेला, एका पंजात ऑलिव्हची डहाळी, दुसऱ्यात बाण, छातीवर ढाल. शिपायाच्या बटणावर ती ढाल साधी, पट्ट्यापट्ट्यांची. अधिकाऱ्याच्या बटणावर ढालीत अक्षर : पायदळाला 'आय', तोफखान्याला 'ए', घोडदळाला 'सी'. १८५०च्या दशकात नियम बदलेपर्यंत शिपायांनाही अक्षर होतं, त्यानंतर नाही. मी बटणं मागवताना यादीत 'पायदळ' असं वाचलं. मुलगा पायदळात. म्हणजे हीच, असं धरून बारा बटणांचा पुडा मागवला. चार कोटाला लावली आणि पोराला परस्पर बढती देऊन टाकली.

चारच, कारण तो रोजच्या वापरातला सैल निळा कोट होता, सॅक कोट. त्याला पुढे चार बटणं. कमरेत घट्ट बसणारा लांब फ्रॉक कोट शिवला असता तर एका रांगेत नऊ लागली असती. मेजर, कर्नल यांना दोन रांगा, प्रत्येकीत सात. ब्रिगेडियर जनरलला आठ-आठ, तीही जोडीजोडीने. मेजर जनरलला नऊ-नऊ, तीन-तीनच्या घोसात. लांबून तोंड दिसलं नाही तरी समोरून कोण येतंय ते बटणांवरून मोजता यायचं. टोपीच्या चामडी पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक लहान बटण असतं. ते मी विसरलेच होते. तेही सार्जंटने मोजलं.

घरी येताना गाडीत मुलगा म्हणाला, "आई, ते जाऊ दे. पण त्यांनी आधी मागची बाजू का बघितली?"

मला माहीत नव्हतं. पण बटण पालथं करून बघणारं माणूस मी लहानपणापासून बघत आले होते.

माझी आई सांगलीत घरबसल्या काज-बटण करायची. गावभागातल्या एका शिंप्याकडून शिवलेल्या शर्टांचा गठ्ठा यायचा. प्रत्येक शर्टाला सात काजं, सात बटणं आणि खालचं हेम. १९७८ साली शर्टामागे वीस पैसे. रात्रीची भांडी झाली की ती दिव्याखाली बसायची. सुया ओवून ठेवणं आणि डालड्याच्या डब्यातून मापाची बटणं निवडणं हे माझं काम. "अठरा लाइन काढ," म्हणायची. अठरा लाइन म्हणजे शर्टाचं बटण. एका इंचाच्या चाळीस लाइन, हे गणित मला शाळेत इंच शिकायच्या आधीपासून येत होतं. गठ्ठा परत जाण्यापूर्वी ती प्रत्येक बटण पालथं करून बघायची. मागे दोऱ्याचा गुंता दिसला की उसवायचं.

हे सगळं मी विसरून गेले होते, सार्जंटने दिलेला मापाचा कागद हातात येईपर्यंत. कोटाचं बटण सुमारे वीस मिलिमीटर, बाहीचं आणि टोपीचं पंधरा. मनात आपोआप हिशेब झाला : बत्तीस लाइन, चोवीस लाइन. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सैन्याची मापं आईच्या डब्यातली निघाली.

मग शोध सुरू झाला. रीएनॅक्टमेंटच्या मैदानालगत तंबूंची एक गल्ली असते. तिथे 'सटलर' बसतात. जुन्या काळी छावणीमागून फिरणाऱ्या दुकानदारांना सटलर म्हणत, तेच नाव चालू आहे. तांब्या-पेल्यांपासून बुटांपर्यंत सगळं मिळतं. बटणंही काचेच्या बरण्यांत भरलेली. पहिल्या तंबूत मी दोन बरण्यांतलं एकेक बटण तळहातावर घेतलं. एक चांगलं जड, दुसरं अगदी हलकं. आपल्या हाताला जड पितळ म्हणजे अस्सल, अशी सवय असते. पितळी तांब्या घेताना आपण तेच बघतो. इथे उलट होतं.

जड होतं ते ओतीव. साच्यात धातू ओतून केलेलं, आतून भरीव. गरुडाची पिसं वितळल्यासारखी, कडेला साच्याची बारीक रेघ. हलकं होतं ते ठोकीव. अस्सल बटण असंच व्हायचं. पितळेच्या पातळ पत्र्याची चकती कापायची, ती पोलादी ठशावर ठेवून दाबायची, की गरुड उठतो. पाठीसाठी दुसरी चकती, तिला तारेचा फासा डाखलेला. पुढच्या चकतीची कड मागच्या चकतीवर दुमडून घ्यायची. मधे पोकळी राहते. दोन तुकड्यांचं हे तंत्र बर्मिंगहॅमकडचं, १८१३च्या सुमाराचं. त्यापूर्वीची बटणं एकसंध, जाड चकतीची. ठोकीव बटणावर नखाने टिचकी मारली तर बारीक, पोकळ आवाज येतो. ओतीव बटण मुकं असतं.

घरी येऊन मी माझा लेफ्टनंटचा पुडा पोळ्यांची कणीक मोजायच्या काट्यावर ठेवला. ओतीवच होता. पुड्याच्या तळाशी लेबल चिकटवलेलं : मेड इन इंडिया. हसावं की काय करावं कळेना. जुन्या लष्करी सामानाच्या नकला हा आपल्याकडचा मोठा निर्यातीचा धंदा आहे. डेहराडूनच्या तलवारी इथे घरोघरी भिंतीवर दिसतात, आणि त्या चांगल्या असतात. माझ्या पुड्यात दोष कारागिराचा नव्हताच. मागवणाऱ्याने स्वस्त मागितलं, त्याने स्वस्त दिलं.

आणि पाठ? अस्सल बटणाच्या पाठीवर, फाशाभोवती गोलाकार, बारीक अक्षरं असतात. संग्राहक त्याला बॅकमार्क म्हणतात. बनवणाऱ्याचं नाव, गाव, कधी नुसतीच जाहिरात : उत्तम दर्जा, तिहेरी मुलामा. स्कोव्हिल, वॉटरबरी. हॉर्स्टमन, फिलाडेल्फिया. कारखान्यांची नावं आणि पत्ते बदलत गेले, तसे हे शिक्केही बदलले. त्यामुळे पुढचा गरुड वर्षानुवर्षं तोच असला तरी पाठ वाचून बटणाचा काळ बराच नेमका सांगता येतो. अल्फियस अल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी अमेरिकन गणवेशांच्या बटणांची जाडजूड सूची केली आहे. जाणकार मंडळी बटणाची ओळख त्यातल्या क्रमांकानेच करून देतात, आपण आगगाडी नंबराने सांगतो तशी.

सार्जंट पाठ बघत होता ती याचसाठी. पण त्यात एक मेख आहे, ती मला दुसऱ्या तंबूतल्या म्हाताऱ्या सटलरीणबाईंनी समजावली. चांगल्या नकलेच्या पाठीवर आजच्या कारखान्याचा शिक्का असावा किंवा पाठ कोरी असावी. १८६१चा बॅकमार्क हुबेहूब उठवलेलं नवं बटण दिसलं तर खुशाल संशय घ्यावा. ते बटण आज कोटावर शोभेल. उद्या कुणीतरी ते मातीत पुरेल, व्हिनेगरमध्ये बुडवेल, अमोनियाच्या वाफेवर धरेल आणि 'रणभूमीत सापडलेलं' म्हणून दसपटीने विकेल. खरी रणभूमी खणून काढलेलं विकायलाही मुभा नाही म्हणा. गेटिसबर्गसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मेटल डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. खाजगी शेतातून निघालेली बटणं मात्र विकली जातात, हिरवट, पोचे आलेली, फासा तुटलेली.

न पुरलेली, कुणाच्या ट्रंकेत राहिलेली अस्सल बटणंही मिळतात, आणि आश्चर्य म्हणजे साध्या शिपायाची फार महाग नसतात. लाखांनी बनली होती ना. मी पंधरा डॉलरला एक घेतलं. पाठीवर स्कोव्हिलचं नाव होतं. काही जण अशी अस्सल बटणं नव्या कोटाला लावतात. मला ते पटत नाही. पोरं गवतात लोळतात, खंदकातून उड्या मारतात. दीडशे वर्षं टिकलेला फासा माझ्या मुलाच्या उडीत का तुटावा? ते एक बटण मी नमुना म्हणून ठेवलं, आणि त्याच्याशी जुळणारं नवं शोधायचं ठरवलं.

त्यासाठी एका शनिवारी आम्ही वॉटरबरीला गेलो, चार-साडेचार तास गाडी हाकत. कनेटिकट राज्यातलं हे गाव म्हणजे अमेरिकेचं मुरादाबाद. 'ब्रास सिटी' हेच त्याचं टोपणनाव. स्कोव्हिलचा धंदा १८०२चा. १८१२मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटलं, बर्मिंगहॅमची बटणं येईनात, तेव्हा वॉटरबरी बटन कंपनी उभी राहिली. तिचे संस्थापक एरन बेनेडिक्ट पितळ मिळेना म्हणून लोकांच्या घरची जुनी भांडी-पातेली विकत घेत, असं सांगतात. पुढे बर्मिंगहॅमहूनच कसबी माणसं आणली गेली. ही कंपनी आजही बटणं करते, हल्ली शेजारच्या चेशायर गावात, आणि तिच्याकडे जुने पोलादी ठसे हजारोंनी जपलेले आहेत. म्हणजे ज्या घराण्यातून ते युद्ध चालू असताना बटणं गेली, त्याच घराण्यातून नकलाही निघतात. त्यांना नक्कल म्हणावं का, हा वाद आमच्या कंपनीत शेकोटीभोवती रात्रभर चालतो.

वॉटरबरीच्या मॅटॅटक म्युझियममध्ये बटणांचं एक दालन आहे. मुलगा वीस मिनिटांत कंटाळला. मी दोन तास हलले नाही. हाडाची, शिंपल्याची, काचेची, काळ्या रबराची, रेशमाने मढवलेली. चौकीदार दोनदा येऊन बघून गेला, या साडीवाल्या बाईला काय झालं म्हणून. त्या दिवशी मुद्दाम साडी नेसले होते, का ते विचारू नका.

पितळी बटणांचं कौतुक पुरे, कारण शिपायाच्या अंगावरची निम्मीअधिक बटणं कुणाला दिसतच नाहीत. विजारीला जस्त-कथिलाच्या रंगाची चार भोकांची पत्र्याची बटणं, गॅलिसलाही तीच. शर्टाला हाडाची किंवा चिनी मातीची. हाडाच्या बटणात कधी चाराऐवजी पाच भोकं दिसतात. लेथवर कापताना मधलं टोक रुतायचं, त्याचं ते पाचवं. चिनी मातीच्या बटणाची गोष्ट तर झकास. रिचर्ड प्रॉसर या इंग्रजाने १८४०मध्ये पेटंट घेतलं : माती ओली मळायचीच नाही, जवळजवळ कोरडी पूड पोलादी साच्यात जोराने दाबायची आणि मग भाजायची. एका दाबात एक बटण. पुढे फ्रान्समधल्या ब्रिआर गावी बाप्तेरॉस यांनी एका फटक्यात शेकड्यांनी बटणं काढायची युक्ती केली आणि ती इतकी स्वस्त झाली की जगभर पसरली. पांढरी, गुळगुळीत, मधे खळगा. बघणारा 'प्लास्टिक' म्हणून मोकळा होतो. जिभेला लावून बघा, थंड लागतं. प्लास्टिक लागत नाही.

ही बटणं नवीन बनवून घ्यावीच लागत नाहीत. जुन्या बाजारात बरणीभर मिळतात, कारण ती फुटली नाहीत तर झिजत नाहीत. मी पाच डॉलरला मूठभर आणली. अठरा लाइन.

रबरी बटणांवर मात्र फसायला होतं. गुडइयरच्या पेटंटाची, पाठीवर १८५१ हे साल असलेली. ते साल पेटंटाचं. बटण त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं. विकणारे '१८५१चं बटण' म्हणून खपवतात.

फोटोही फसवतात. त्या काळचे पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे उमटत. मी कोट कापायला घेतला तेव्हा असाच एक फोटो समोर ठेवला होता. त्यात काजं उजव्या बाजूला दिसत होती, आणि मी आखणीही तशीच करून बसले. कात्री लावणार इतक्यात हात थांबला. पुरुषाचं काज डावीकडे, बाईचं उजवीकडे, हे आईने चिमटा काढून शिकवलं होतं. मग लक्षात आलं की फोटोतल्या शिपायाच्या पट्ट्यावरची 'यू.एस.' अक्षरंही उलटी आहेत. त्या फोटोंत बटणं बहुधा सोनेरी दिसतात, कारण छायाचित्रकार वरून ब्रशने सोनेरी ठिपका द्यायचे. सगळा माणूस करडा, आणि चार ठिपके पिवळेधमक.

नव्या बटणांवर आता पारदर्शक लाख असते, तिने ती काचेसारखी चमकतात. नेलपॉलिश रिमूव्हरने ती काढायची, की खाली साधं पितळ. पुढचं काम घाम करतो. पण हौशी मंडळींना एवढा धीर नसतो. टोनी हॉर्विट्झ यांनी १९९८च्या आपल्या पुस्तकात अशा कट्टर मंडळींबद्दल लिहिलंय, की ती बटणं चक्क मूत्रात भिजवून जुनी करतात. मुलाने ते वाचून आशेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळणार नाही. शिवाय तर्कही चुकीचा. १८६३मध्ये ते बटण जुनं नव्हतं, नवंच होतं. आणि तपासणीच्या आधी शिपाई ते घासून लख्ख करत. त्यासाठी लाकडाची फट असलेली पट्टी असायची, बटणं फटीत सरकवायची म्हणजे घासताना कापड डागाळत नाही. एन.सी.सी.त ब्रासो लावून बक्कल घासलेल्यांना हे सांगायला नको. आमच्या घरी सांगलीहून आलेली पितांबरी आहे. सार्जंटने एकदा डबी हुंगून बघितली, पुढच्या वेळी स्वतःसाठी मागून घेतली.

बटणांवरून एवढा खल कशाला, असं नवरा विचारतो. मलाही वाटायचं. एकदा फिलाडेल्फियाहून कृष्णवर्णीय पलटणीचा वेश केलेली मंडळी आली होती. शहराबाहेर कॅम्प विल्यम पेन होता, तिथे सुमारे अकरा हजार कृष्णवर्णीय सैनिक तयार झाले. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला फ्रेडरिक डग्लस यांच्या भाषणाबद्दल सांगितलं. गेटिसबर्गची लढाई संपून तीनच दिवस झाले होते, ६ जुलै १८६३. फिलाडेल्फियात भरतीसाठी सभा होती. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले डग्लस म्हणाले त्याचा आशय असा, की कृष्णवर्णीय माणसाच्या अंगावर एकदा 'यू.एस.' ही पितळी अक्षरं चढू द्या, बटणावर गरुड येऊ द्या, खांद्यावर बंदूक येऊ द्या, मग त्याचा नागरिकत्वाचा हक्क नाकारायची कुणाची ताकद नाही. त्यांनी बटण वेगळं मोजलं होतं. त्या सैनिकांना पगार मात्र गोऱ्यांपेक्षा कमी मिळत होता, १८६४पर्यंत.

आजोबा बोलत होते आणि मला कॉलेजात वाचलेलं 'गुलामगिरी' आठवत होतं. त्या सभेनंतर दहा वर्षांनी, १८७३मध्ये, महात्मा फुल्यांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. आजोबांना मी ते सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, दोनदा उच्चारून बघितलं. फु-ले. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा सट्टा उसळला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच आपटला, हे मी त्यांना सांगितलं नाही. ती गोष्ट इतकी सुंदर नाही.

त्यानंतर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या कोटाचा प्रश्न उभा राहिला. मैदानात एका बाजूला माणसं कमी पडली की दुसऱ्या बाजूच्यांनी कपडे बदलून तिकडे जायचं, अशी इथे रीत आहे. दक्षिणेच्या बटणांत शोधायला खूप काही आहे : नाकेबंदी चुकवून लंडनहून आलेली, कुठे लाकडाची, कुठे घरगुती ओतकामाची. एका सटलरने मला हौसेने दाखवलीही. मी हात लावला नाही. सार्जंटला सांगितलं, दक्षिणेचा राखाडी कोट आमच्या घरी शिवला जाणार नाही. तो म्हणाला, "समजलं, मॅम." त्या दिवशी मुलाने पाण्याच्या बादल्या वाहिल्या. एका प्रेक्षकाने त्याला विचारलं, तुझ्यासारखे दिसणारे कुणी होते का रे तेव्हा? त्याच्याकडे उत्तर तयार असतं : जोसेफ पियर्स, चीनमध्ये जन्मलेला, चौदाव्या कनेटिकट पलटणीतला शिपाई, गेटिसबर्गलाच लढला.

मी मात्र दुसरीच माणसं शोधत होते. या कोटांना बटणं कुणी लावली?

उत्तर फिलाडेल्फियात सापडलं. तिथे स्कूलकिल आर्सेनल नावाचं सरकारी कोठार होतं. आत कापड बेतून कापलं जाई आणि दाराशी बायकांची रांग लागे. प्रत्येकीला एक गठ्ठा : कापलेले तुकडे, अस्तर, दोरा आणि मोजून दिलेली बटणं. घरी न्यायचं, हाताने शिवायचं, तयार कपडा परत द्यायचा, नगावर पैसे घ्यायचे. अशा हजारो जणी होत्या. कित्येक सैनिकांच्या बायका, कित्येक त्यांच्या विधवा. मधे कंत्राटदार घुसले की दर आणखी पडायचा. फेब्रुवारी १८६५मध्ये सिनसिनाटीच्या शिवणाऱ्या बायकांनी थेट लिंकन यांच्याकडे अर्ज केला, की कंत्राटदार नको, काम सरकारने आमच्या हातात द्यावं.

गठ्ठा. मोजून दिलेली बटणं. नगावर पैसे. मला पुढे वाचवेना, मी उठून चहा टाकला.

खऱ्या कोटांचे जवळून काढलेले फोटो मग मी नव्या नजरेने बघितले. काज हाताचं, गाठींची रांग घट्ट. पण एका कोटावर चौथं काज पहिल्या तिघांपेक्षा घाईचं आहे, टाके लांब. रात्र झाली असेल. नाहीतर मूल उठलं असेल. असा लांब टाका टाके मोजणाऱ्यांच्या कुठल्याही कागदावर नाही.

मी चारही काजं हाताने केली, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने. मशीनचं काज अर्ध्या मिनिटात होतं, याला मला चाळीस मिनिटं लागली. आई सात काजांचा शर्ट तेवढ्या वेळात संपवायची. बटणं वॉटरबरीची, साध्या ढालीची, पाठीवर आजचा शिक्का. एप्रिलच्या कवायतीला सार्जंटने दुसरं बटण चिमटीत धरलं, पालथं केलं, अंगठ्याने दोऱ्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता पुढच्या शिपायाकडे गेला. मुलाने मला लांबून डोळा मारला.

त्या रात्री, म्हणजे सांगलीतल्या सकाळी, आईला व्हिडिओ कॉल केला. ती आता ब्याऐंशीची आहे, मोतीबिंदू काढलेला. कोट कॅमेऱ्यासमोर धरला. गरुड दाखवला, फिलाडेल्फियाच्या बायकांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नगाला किती द्यायचे त्यांना?" तिने विचारलं.

"दर बदलायचा गं. कमीच."

"हं. पालथं करून दाखव."

मी कोटाची कड उलटी करून बटणाची पाठ कॅमेऱ्याजवळ नेली. तिने फोन डोळ्यांशी धरला असावा, कारण मला पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

"मान कमी दिलीस," ती म्हणाली. "जाड कापड आहे ना? बटण लावलं की ओढणार ते. खाली काडी धरली नाहीस का?"

काडेपेटीतली काडी बटणाखाली धरायची, वरून टाके घालायचे, मग काडी काढून उरलेल्या ढिलाईभोवती दोरा गुंडाळायचा. बटणाला मान येते. मला माहीत होतं. चौथ्या बटणापर्यंत कंटाळा आला होता.

"चारही?" मी विचारलं.

"चौथंच. बाकीची बरी आहेत."

मी कात्री घेतली.